भरपाईची पन्नास मिनिटं

पुण्यातल्या एका स्वायत्त महाविद्यालयात मी वाणिज्य शाखेला शिकवते. गेली काही वर्षं तिथल्या समान संधी कक्षाचं कामही माझ्याकडे आहे. दिव्यांग विद्यार्थ्यांचे परीक्षेसंबंधीचे अर्ज माझ्या टेबलावरून पुढे जातात. त्यातलंच हे २०२४ च्या हिवाळी सत्रातलं एक प्रकरण. विद्यार्थिनीला विचारून लिहिते आहे. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. तिला इथे अनघा म्हणू.

अनघा दौंडकडची, पुण्यात वसतिगृहात राहते. बारावीच्या वर्षी तिच्या बोटांचे सांधे सुजायला लागले. आधी घरच्यांना वाटलं लिखाण जास्त होतंय, मग वाटलं थंडीमुळे असेल. संधिवात हे निदान व्हायला बराच काळ गेला, कारण हा म्हातारपणचा आजार अशीच सगळ्यांची समजूत. सकाळी उठल्यावर तिची बोटं वळत नाहीत. ती सोबत थर्मासमध्ये गरम पाणी आणते, पहिल्या तासाआधी कँटीनच्या कोपऱ्यात बसून स्टीलच्या डब्यात ते ओतते आणि दोन्ही हात त्यात बुडवून ठेवते. पेनाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला, म्हणजे पकड जाड होते आणि कमी दाबावं लागतं. बाकीची मुलं दोन पानं लिहितात तेवढ्यात तिचं एक होतं. तासाभराने अक्षर पसरायला लागतं, आणि आकडे तर वाचताच येत नाहीत. वाणिज्य शाखेत ही काही किरकोळ अडचण नव्हे.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला ती माझ्याकडे आली ती एकच मागणी घेऊन. वेळ वाढवून हवा. तिच्या वतीने उत्तरं लिहून देणारा लेखनिक, म्हणजे रायटर, नको होता. "मॅडम, कॉस्ट शीट मी कुणाला तोंडी कशी सांगू? कुठल्या रकान्यात कुठला आकडा, हे सांगण्यातच वेळ जाईल," असं ती म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं. दिव्यांग विद्यार्थी म्हटलं की रायटर द्या आणि मोकळे व्हा, ही सवय आपल्या सगळ्यांना लागली आहे. काहींना रायटर हवाच असतो. पण त्याच्याशिवाय लिहू पाहणाऱ्या मुलीला रायटर घ्यायला लावणं हाही तिच्या गरजेचा विचार न करण्याचाच प्रकार आहे.

अर्ज परीक्षा विभागात गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. तिच्या प्रमाणपत्रावर अपंगत्व तीस टक्के होतं. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, पांढऱ्या पट्ट्याचं, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या खालचं. विभागातले लिपिक मनाने वाईट नाहीत, वर्षानुवर्षं चालत आलेलं तेच त्यांनी सांगितलं, "मॅडम, चाळीसच्या खाली काही करता येत नाही."

चाळीस टक्के कशासाठी

हा घोळ जवळजवळ प्रत्येक महाविद्यालयात आहे, म्हणून इथे थोडी थांबते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दोन वेगळ्या व्याख्या आहेत. कलम २ च्या एका उपकलमात 'दिव्यांग व्यक्ती' कोण ते सांगितलं आहे. दीर्घकाळ टिकणारी शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची अशी कमतरता, जी समोरच्या अडथळ्यांमुळे त्या व्यक्तीला समाजात इतरांच्या बरोबरीने वावरू देत नाही. या व्याख्येत टक्केवारीचा शब्दही नाही. दुसरी व्याख्या लक्षणीय दिव्यांगत्वाची आहे, आणि चाळीस टक्क्यांची अट तिच्यात येते. ती अट कायद्याने काही विशिष्ट गोष्टींना लावली आहे. उच्च शिक्षणातल्या पाच टक्के राखीव जागा (कलम ३२), सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के (कलम ३४), सहा ते अठरा वयापर्यंतचं मोफत शिक्षण (कलम ३१). जागा मोजक्या असतात, तिथे कुठेतरी रेषा ओढावी लागते, हे समजू शकतं.

परीक्षेतला वेळ ही मोजकी जागा नाही. अनघाला पन्नास मिनिटं दिली म्हणून दुसऱ्या कुणाची पन्नास मिनिटं कमी होत नाहीत. कलम १६ प्रमाणे सरकारचं अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी प्रत्येकाच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यायची आहे. कलम १७ मध्ये तर परीक्षेतला वाढीव वेळ आणि लेखनिक यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. दोन्हीकडे शब्द साधे 'दिव्यांग विद्यार्थी' असेच आहेत.

मग लिपिकांच्या डोक्यात चाळीस कुठून आले? केंद्र सरकारच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने २९ ऑगस्ट २०१८ रोजी लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांपुरत्या होत्या. तेच पत्र सगळीकडे पोहोचलं, फायलीत लागलं आणि तिथेच राहिलं. पुढचं कुणी लावलं नाही.

पुढचं म्हणजे ११ फेब्रुवारी २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग हा निकाल. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या या उमेदवाराला नागरी सेवा परीक्षेसाठी लेखनिक नाकारला होता, कारण तो चाळीसच्या रेषेत बसत नव्हता. न्यायालयाने सांगितलं की लेखनिकाची सोय मिळण्यासाठी लक्षणीय दिव्यांगत्व ही पूर्वअट असू शकत नाही, आणि सरकारला नवीन सूचना करायला लावल्या. त्या १० ऑगस्ट २०२२ रोजी आल्या. चाळीस टक्क्यांहून कमी अपंगत्व आहे पण लिहायला अडचण आहे, अशांसाठी. परीक्षेच्या तासाला किमान वीस मिनिटं वाढीव वेळ, हा हिशेब त्यांनाही लागू झाला.

मी ही दोन्ही कागदपत्रं छापून परीक्षा नियंत्रकांकडे नेली. त्यांनी ती माझ्यासमोर वाचली. निकालाचा सारांश वाचून झाल्यावर म्हणाले, "हे माझ्याकडे आधी यायला हवं होतं." ते बरोबर होतं. कक्ष माझ्याकडे असताना ते त्यांच्यापर्यंत नेणं माझंच काम होतं.

कागद

२०२२ च्या सूचनांबरोबर प्रमाणपत्राचा एक नमुना आला होता. तो मुख्य वैद्यकीय अधिकारी किंवा जिल्हा शल्यचिकित्सक यांच्या अध्यक्षतेखालच्या, अस्थिरोगतज्ज्ञ वगैरे असलेल्या मंडळाने भरून द्यायचा. तपासणी, पुढचा आठवडा, एक सही राहिली, पुन्हा पुढचा आठवडा. अनघाच्या तीन फेऱ्या झाल्या. वडील प्रत्येक वेळी सकाळच्या गाडीने यायचे आणि रांगेत तिच्यासाठी जागा धरायचे, कारण थंड फरशीवर तासन्‌तास उभं राहिलं की तिचे गुडघेही धरतात.

तो नमुना हातात आला तेव्हा माझं लक्ष एका ओळीकडे गेलं. प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त सहा महिने. हात मोडल्यामुळे काही आठवडे लिहिता न येणाऱ्या मुलासाठी सहा महिने ठीक आहेत. पण जिच्या कायमच्या प्रमाणपत्रावर तिची अवस्था लिहिलेली आहे, तिने दर सत्राला हे नव्याने सिद्ध करायचं? तीन वर्षांच्या पदवीत सहा सत्रं असतात. हे असंच राहिलं तर प्रत्येक सत्रात एक प्रमाणपत्र आणि त्यासाठी बुडणारे तास, बुडणारी मजुरी. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गैरफायदा घेणारा उमेदवार असावा. रांगेत उभी असलेली मुलगी दिसली असती तर त्यांनी ही ओळ वेगळी लिहिली असती, असं मला मनापासून वाटतं.

लेखनिक न घेता फक्त वेळ देता येईल का, यावरही चर्चा झाली. २०१८ च्या सूचनांत लेखनिक न घेणाऱ्यांनाही तीन तासांच्या पेपरला किमान एक तास देण्याची तरतूद होती. त्याच न्यायाने नियंत्रकांनी आदेश काढला. अडीच तासांच्या पेपरला पन्नास मिनिटं. आदेशात मी आग्रहाने 'भरपाईचा वेळ' असा शब्द घालायला लावला. केंद्राच्या सूचनांतही 'जादा वेळ' हा शब्द बदलून भरपाईचा वेळ म्हणावं असं सांगितलं आहे. शब्दाने फरक पडतो. जादा म्हटलं की बाकीच्या मुलांना वाटतं हिला आपल्यापेक्षा काहीतरी जास्त मिळालं.

ही शंका शिक्षकांच्या खोलीतही निघाली, आणि ती टाळण्यासारखी नाही. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलं, "वेळेत लिहिणं हाही परीक्षेचाच भाग नाही का?" काही परीक्षांमध्ये आहे. इथे पुण्यातून राज्य परीक्षा परिषद टंकलेखनाची परीक्षा घेते, तिथे मिनिटाला किती शब्द हेच तपासायचं असतं. कॉस्ट अकाउंटिंगच्या पेपरात आम्हाला काय तपासायचं असतं? कच्च्या मालाचा खर्च कुठे धरायचा, कारखान्याचा वरखर्च कसा वाटायचा, हे तिला कळतं की नाही. अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांत लिहिण्याचा वेग कुठेही नाही. मी ती उद्दिष्टं त्यांना काढून दाखवली. त्यांनी वाचली आणि मान हलवली. पुढे तक्रार निवारण समितीत त्यांचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

तिसरा पेपर

पहिले दोन पेपर सुरळीत गेले. तळमजल्यावरचा ब्लॉक (परीक्षेची खोली) होता, वरिष्ठ पर्यवेक्षकांना आदेश माहीत होता. तिसऱ्या दिवशी दोन विषयांचे पेपर एकाच वेळी आल्याने बैठकव्यवस्था बदलली आणि अनघाचा क्रमांक तिसऱ्या मजल्यावर गेला. ब्लॉकवर आलेले कनिष्ठ पर्यवेक्षक तासिका तत्त्वावरचे, दुसऱ्या विभागातले. त्यांच्या हातात प्रश्नपत्रिकांचं पाकीट होतं, हजेरीपत्रक होतं, उत्तरपत्रिकांचा हिशेब होता. आदेशाची प्रत नव्हती. हॉल तिकिटावरही त्याची नोंद नव्हती, कारण हॉल तिकीट ज्या सॉफ्टवेअरमधून निघतं त्यात असा रकानाच नाही.

साडेबाराची घंटा झाली. अनघा लिहीत राहिली. बाकीच्या उत्तरपत्रिका गोळा करून सर तिच्या बाकाशी आले. ती म्हणाली, "सर, मला एक वीसपर्यंत वेळ आहे. पत्र आहे माझ्याकडे." पत्र बाहेर होतं, व्हरांड्यात ठेवलेल्या बॅगेत. मोबाइलही बॅगेतच, बंद. मध्येच बाहेर जाऊन आणायची परवानगी नाही. सर म्हणाले, "घंटेनंतर पेपर ठेवता येत नाही, माझ्यावर येईल." तिने अजून दोनदा सांगितलं. मग त्यांनी उत्तरपत्रिका उचलली, गठ्ठ्यात घातली आणि दोरी बांधली. कॉस्ट शीट अर्धी राहिली, शेवटचा पंधरा गुणांचा प्रश्न कोरा.

पुढे जो तपास झाला त्यात कुणी या सरांना दोषी धरावं असं मला वाटलं नाही आणि मी तसं लेखी दिलं. ज्याची नोकरी दर सत्राला नव्याने ठरते, तो माणूस कागद हातात नसताना एका विद्यार्थिनीच्या शब्दावर पन्नास मिनिटं पेपर कसा ठेवेल? चूक आदेश काढून तो फायलीत ठेवणाऱ्यांची होती, म्हणजे परीक्षा विभागाची आणि माझी. मी आदेशाची प्रत विभागाला दिली, तिला दिली आणि काम झालं असं समजले. त्या दिवशी ती कुठल्या ब्लॉकमध्ये आहे हे मी पाहिलं नव्हतं.

पाऊणच्या सुमारास तिचा फोन आला. मी तिला तिथेच थांबायला सांगितलं. त्याच दिवशी अर्ज देणं फार महत्त्वाचं असतं. दुसऱ्या दिवशी दिलेल्या अर्जावर पहिला प्रश्न हाच येतो की तेव्हा का नाही सांगितलंत. पायरीवर बसून आम्ही अर्ज केला. तिची बोटं आखडली होती, म्हणून ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. खाली सही मात्र तिची. ब्लॉक क्रमांक, घंटेची वेळ, काय बोलणं झालं, किती प्रश्न राहिले, सगळं त्यात घातलं. आवक शिक्का मारून पोच घेतली. पर्यवेक्षकांच्या अहवालातही 'विद्यार्थिनीने जादा वेळेची मागणी केली' एवढी नोंद होती. तेवढी पुरेशी ठरली.

गेलेला वेळ परत कसा द्यायचा

तक्रार निवारण समितीत सगळ्यांनाच चूक मान्य होती. अडलं ते उपायावर.

पहिली सूचना आली सवलतीच्या गुणांची, आणि सहानुभूतीने आली. पण कोऱ्या पानाला गुण कशाच्या आधारावर द्यायचे? दुसरी सूचना होती, जेवढं लिहिलं त्याच्या प्रमाणात राहिलेल्याचे गुण काढायचे. इथे ते ज्येष्ठ सहकारी उभे राहिले. म्हणाले, "पहिल्या प्रश्नात पुस्तकी व्याख्या आहेत आणि शेवटच्यात गणित. एकावरून दुसऱ्याचा अंदाज कसा बांधणार? मुलगी गणितात हुशार असेल तर तिचं नुकसान, कच्ची असेल तर बाकीच्यांवर अन्याय." तिसरा पर्याय फेरपरीक्षेचा.

अशाच पेचावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, अवनी प्रकाश विरुद्ध राष्ट्रीय परीक्षा संस्था, २३ नोव्हेंबर २०२१. नीट परीक्षेला बसलेल्या, लेखनदोष (डिसग्राफिया) असलेल्या विद्यार्थिनीला मुंबईतल्या केंद्रावर तासाभराचा भरपाईचा वेळ मिळाला नाही, उत्तरपत्रिका इतरांबरोबरच काढून घेतली गेली. न्यायालयाने ही चूक परीक्षा घेणाऱ्या संस्थेची ठरवली. केंद्रावरच्या माणसांना नियम माहीत असणं ही संस्थेचीच जबाबदारी, असं त्या निकालातून निघतं. पण एकटीसाठी पुन्हा नीट घ्यायला न्यायालय तयार झालं नाही. अन्याय दूर करण्यासाठी काय करता येईल याचा विचार आठवड्याभरात करा, असा आदेश संस्थेला दिला. देशभर लाखो मुलांच्या स्पर्धापरीक्षेत एकीची फेरपरीक्षा किती अवघड आहे हे समजतं. आमच्याकडे तशी अडचण नव्हती. क्रमवारी नव्हती, प्रवेश अडकलेले नव्हते. विषयाच्या प्रश्नपत्रिकेचे जादा संच काढलेले असतात, त्यातला एक मोहोरबंद पडून होता. नीटमध्ये जे अशक्य ठरलं ते इथे आठ दिवसांत होण्यासारखं होतं, आणि मी समितीत हेच लावून धरलं.

समितीने फेरपरीक्षा मंजूर केली. अनघाला कळवलं तेव्हा ती खूश होईल अशी माझी अपेक्षा होती. तिने विचारलं, "म्हणजे सगळं पुन्हा लिहायचं?" जे अडीच तास तिने दुखऱ्या हातांनी लिहिलं होतं ते आता रद्द. चूक आमची, आणि पुन्हा अभ्यास, पुन्हा दुखणं तिचं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच, चर्च रोडवर आहे. हक्क डावलल्याच्या तक्रारींची चौकशी करण्याचे अधिकार राज्य आयुक्तांना कलम ८० ने दिले आहेत, आणि साक्षीदार बोलावण्याच्या बाबतीत त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. हा रस्ता मी तिला समजावून सांगितला, माझ्याच संस्थेविरुद्ध असला तरी. ती नाही म्हणाली. अजून तीन सत्रं याच शिक्षकांसमोर काढायची आहेत, अंतर्गत गुण त्यांच्याच हातात आहेत, हे तिने तोंडाने म्हटलं नाही. वडील म्हणाले, "मॅडम, पेपर होतोय ना पुन्हा, मग कशाला." तक्रारी होत नाहीत म्हणजे सगळं ठीक चाललंय, असा अर्थ काढणाऱ्या प्रत्येक संस्थेने हे वाक्य लक्षात ठेवावं.

फेरपरीक्षा जानेवारीत झाली. पुण्यातल्या जानेवारीची सकाळ तिच्या बोटांना मानवणारी नाही, म्हणून दुपारी दोनची वेळ मागून घेतली. ग्रंथालयामागची ऊन येणारी छोटी खोली घेतली. पर्यवेक्षकांच्या हातात आदेश होता, टेबलावर दुसरी प्रत होती. शेजारी थर्मास ठेवायची परवानगी मी लेखी घेतली होती. मध्ये दोनदा तिने पेन खाली ठेवलं, हात पाण्यात बुडवले, रुमालाने पुसले आणि पुन्हा लिहायला लागली. तीन तास वीस मिनिटांपैकी तिला सव्वातीन तास लागले. ती त्या पेपरला साठपैकी एकेचाळीस गुणांनी पास झाली.

त्यानंतर

३ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा गुलशन कुमार विरुद्ध बँकिंग कर्मचारी निवड संस्था हा निकाल आला. हाही लिहिताना हात न चालणाऱ्या उमेदवाराचाच. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांना परीक्षेत जे मिळतं ते सर्व दिव्यांग उमेदवारांना मिळालं पाहिजे, आणि २०२२ च्या सूचनांचा त्या दृष्टीने फेरविचार करा, असं त्यात सांगितलं आहे. मी तो छापून फायलीत लावला आणि या वेळी एक प्रत लिपिकांच्या टेबलावरही ठेवली.

त्यांनी स्वतःहून एक गोष्ट केली. सॉफ्टवेअरमध्ये रकाना येईल तेव्हा येईल म्हणून अप्पा बळवंत चौकातून एक रबरी शिक्का करून आणला. 'भरपाईचा वेळ ___ मिनिटे, परीक्षा नियंत्रकांच्या आदेशानुसार'. तो आता हॉल तिकिटावर आणि ब्लॉकच्या बैठक यादीत क्रमांकासमोर लाल शाईत उमटतो. आमच्याकडे या सत्रात असे नऊ विद्यार्थी आहेत. त्यातले चार चाळीस टक्क्यांच्या खालचे, त्यांनी आधी कधी अर्जच केला नव्हता.

सहा महिन्यांच्या मुदतीचं मात्र हे लिहिताना, २०२५ च्या उन्हाळी सत्रात, तसंच आहे. अनघाचं प्रमाणपत्र उन्हाळी सत्राचे दोन पेपर बाकी असताना संपतं. तिच्या कायमच्या प्रमाणपत्रावरूनच संपूर्ण पदवीसाठी एकदाच आदेश काढावा, असं पत्र मी गुलशन कुमार निकालाचा हवाला देऊन नियंत्रकांना दिलं आहे. ते विधी सल्लागारांकडे गेलं आहे. उत्तर येईपर्यंत धोका नको म्हणून तिने पुढच्या बुधवारची तारीख घेऊन ठेवली आहे, आणि वडिलांनी त्या दिवसाची रजा टाकली आहे.